सांधा दिसत नाही, पण असतो

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या काठावर उभे राहिले की समोरचे विवर नजरेत मावते, कॅमेऱ्यात मात्र मावत नाही. उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात तयार झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. माणसाच्या दोन्ही डोळ्यांचा मिळून आडवा पल्ला १८० अंशांच्या आसपास असतो. आडवा धरलेल्या मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा एका वेळी साधारण ७० अंशांचाच पट्टा टिपतो. म्हणून हौशी छायाचित्रकार डावीकडून उजवीकडे पाच-सहा फोटो काढतात आणि घरी येऊन संगणकावर ते जोडतात. तयार होते ते एक लांबलचक, अखंड भासणारे चित्र, म्हणजेच पॅनोरमा.

हे जोडकाम आता सहलीच्या फोटोंपुरते राहिलेले नाही. पाठीच्या कण्याचा संपूर्ण एक्स-रे, डोळ्याच्या पडद्याचा विस्तृत नकाशा, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीचे पूर्ण चित्र हे सारे अनेक तुकडे जोडूनच तयार होऊ शकते. त्यामुळे जोड कसा बसतो आणि कुठे फसतो, हे छायाचित्रकाराइतकेच रुग्णालाही ठाऊक असलेले बरे.

खुणा आणि बहुमत

फोटोशॉपमधील ‘फोटोमर्ज’ किंवा मोफत मिळणारे ‘हगिन’ यांसारख्या सॉफ्टवेअरला चित्रात डोंगर आहे की तळे, हे कळण्याची गरज नसते. ते शोधते फक्त खुणा: दगडाचा टोकदार कोपरा, झाडाच्या फांदीचा फाटा, देवळाच्या कळसाची कड. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डेव्हिड लो यांनी १९९९मध्ये अशा खुणा ओळखण्याची एक पद्धत मांडली. चित्र थोडे फिरले, लहान-मोठे झाले किंवा उजेड बदलला, तरी त्या पद्धतीत खूण ओळखू येते. प्रत्येक खुणेभोवतालच्या छटांचे वर्णन १२८ आकड्यांत केले जाते आणि दोन फोटोंतील आकडे जुळले, की ती खूण एकच असावी असे मानले जाते.

मात्र एका खिडकीसारखी दुसरी खिडकी असतेच. खोट्या जोड्या गाळण्यासाठी १९८१मध्ये मार्टिन फिशलर आणि रॉबर्ट बोल्स यांनी सुचवलेली युक्ती कामी येते. सॉफ्टवेअर काही मोजक्या जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलते, त्यांवरून एक चित्र दुसऱ्यावर कसे बसेल याचा अंदाज बांधते आणि उरलेल्या किती जोड्यांना तो मान्य आहे, हे मोजते. असे पुनःपुन्हा करून ज्या अंदाजाला सर्वाधिक जोड्यांचा पाठिंबा मिळतो, तो स्वीकारला जातो. थोडक्यात, जोड बहुमताने ठरतो.

मतदार कुठे असतात? दोन्ही फोटोंत आलेल्या सामाईक भागात. म्हणून शेजारच्या दोन फोटोंत किमान एक तृतीयांश भाग समान ठेवावा. निरभ्र आकाश, शांत पाणी किंवा कोरी भिंत यांत खुणाच नसतात. सामाईक भागात एवढेच असेल, तर सॉफ्टवेअर अडते किंवा चुकीचा जोड लावते.

जागा ठरली की चित्रे थोडी ताणून-वाकवून एकमेकांवर बसवली जातात. शेवटी सांधा पुसायचा. १९८३मध्ये पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांनी दाखवलेली पद्धत आजही पायाभूत मानली जाते. आकाशासारख्या सावकाश बदलणाऱ्या छटा रुंद पट्ट्यात मिसळायच्या आणि गवताच्या पात्यासारखा बारीक तपशील अरुंद पट्ट्यात. त्यामुळे उजेडातला फरक दिसत नाही आणि तपशीलही दुहेरी होत नाही.

एकाच जागेवरून पाहणे

हात लांब करून एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारते. पाहण्याची जागा बदलली की जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या तुलनेत सरकते. पॅनोरमातील बहुतेक तुटलेले कठडे आणि दुभंगलेले खांब याच कारणाने होतात. फोटो काढणारा स्वतःभोवती वळतो, तेव्हा हातातला मोबाइल एका कमानीत फिरतो. दर फोटोला त्याची जागा बदलते आणि जवळचा कठडा दोन फोटोंत दोन ठिकाणी येतो.

उपाय साधा आहे. शक्यतो आपण मोबाइलभोवती फिरावे आणि लेन्स जागेवर राहील असे पाहावे. मोबाइल उभा धरावा, म्हणजे वर-खाली कापण्यास जागा उरते. फोकस आणि प्रकाशमान पहिल्याच फोटोला कुलूपबंद करावे, नाही तर एक तुकडा उजळ आणि दुसरा काळवंडलेला येतो. दूरच्या डोंगररांगेला हातातला फरक सहसा चालून जातो, घराच्या अंगणाला चालत नाही.

हलणाऱ्या गोष्टींचा प्रश्न वेगळाच. पहिल्या फोटोत डावीकडे असलेला माणूस दुसऱ्या फोटोपर्यंत उजवीकडे पोहोचला, तर तो पॅनोरमात दोनदा दिसतो किंवा अर्धाच उरतो. सांधा त्याला वळसा घालून नेला, तर तो नाहीसाही होतो. ‘नासा’च्या ‘क्युरिऑसिटी’ या मंगळावरील बग्गीने २०१२मध्ये टिपलेले स्वतःचे छायाचित्र ५५ फोटो जोडून बनवले आहे. कॅमेरा तिच्या यांत्रिक हाताच्या टोकाला होता, तरी चित्रात तो हात जवळपास दिसतच नाही. त्यातला प्रत्येक तुकडा खरा आहे, पण तसे दृश्य कोणत्याही एका क्षणी अस्तित्वात नव्हते.

कण्याचा सांधा

हीच बाब दवाखान्यात महत्त्वाची ठरते. वाढत्या वयातील काही मुला-मुलींचा कणा बाजूला वाकतो. त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाक किती आहे, हे कळण्यासाठी मानेपासून कमरेखालपर्यंतचा संपूर्ण कणा उभ्या स्थितीत पाहावा लागतो. एक्स-रेच्या एका पाटीवर तो अनेकदा मावत नाही. मग दोन किंवा तीन चित्रे घेऊन ती जोडली जातात. त्यावर वाकाच्या वरच्या व खालच्या टोकांच्या सर्वाधिक कललेल्या मणक्यांमधील कोन मोजतात. १० अंश किंवा त्याहून अधिक असेल, तर स्कोलिओसिस धरतात. पुढच्या तपासणीत पाच-सहा अंशांची वाढ दिसली, तर पट्टा लावायचा का याचा विचार सुरू होऊ शकतो. दोन चित्रांच्या मध्ये मूल किंचित डुलले, तर हा आकडाच बदलू शकतो.

येथेही नियम तोच आहे. काही यंत्रांत एक्स-रेची नळी वर-खाली सरकत नाही, तर एकाच जागी राहून फक्त कलते. लेन्स जागेवर ठेवून मोबाइल फिरवण्यासारखेच हे आहे. काही ठिकाणी सोबत मोजपट्टी उभी करतात, म्हणजे सॉफ्टवेअरला खात्रीची खूण मिळते. रुग्णाच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे सांगितले तसे निश्चल उभे राहणे आणि सांगतील तेव्हा श्वास रोखणे.

मधुमेहींच्या डोळ्यांचेही असेच. पडद्याचा फोटो काढणारा नेहमीचा कॅमेरा एका वेळी ३० ते ४५ अंशांचा भाग टिपतो. मधुमेहाची इजा त्याच्या बाहेरही असू शकते आणि सुरुवातीला नजर शाबूत असल्याने रुग्णाला काहीच जाणवत नाही. म्हणून गरजेनुसार वेगवेगळ्या दिशांना पाहायला सांगून अनेक फोटो घेतात आणि जोडतात. येथे खुणांचे काम रक्तवाहिन्यांचे फाटे करतात.

आजची सॉफ्टवेअर जोडकामानंतर उरलेल्या रिकाम्या कडा आजूबाजूचे पाहून स्वतःच भरून देतात. लोणारच्या आकाशाला तसे ठिगळ लावले, तर कोणाचे काही बिघडत नाही. निदानासाठीच्या चित्रात मात्र जे टिपलेच नाही, ती जागा रिकामीच राहिली पाहिजे. मूळ तुकडेही जपायला हवेत. जोडचित्रात हाड अचानक पायरीसारखे तुटलेले दिसले, तर आजार आहे की सांधा सरकला आहे, याचा उलगडा त्या मूळ चित्रांतच होतो. पुढच्या तपासणीला जाताना केवळ छापील अहवाल नव्हे, तर मूळ चित्रांची सीडी किंवा फाइलही सोबत न्यावी. घरच्या पॅनोरमालाही हाच नियम लावावा. जोडलेले चित्र भिंतीवर खुशाल लावा, पण सुटे फोटो पुसून टाकू नका.