भूतकाळाचा तास

आबुएलिता कोमालवरची, म्हणजे तव्यावरची, तोर्तिया बोटांनीच उलटते आहे. चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याचं ओलं पीठ. त्याचा गोळा ती दोन्ही तळहातांत धरते आणि थापत थापत जाड, तळव्याएवढी तोर्तिया करते. परात नाही, वर लावायचं पीठ नाही, सगळं हवेतच. मी शेजारी उभी राहून तेच करू पाहते. औसा तालुक्यात ज्वारीच्या भाकरीवर तयार झालेले माझे हात सारखे खाली टेकायला जागा शोधतात. ती माझं मनगट धरून वर उचलते. "आर्रीबा, मिहा, आर्रीबा." वर, पोरी, वर.

घरातले सगळे तिला आबुएलिता, म्हणजे आजी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पण बोलताना 'उस्तेद', म्हणजे 'तुम्ही'च. या घरात ती स्वतःही अकरा वर्षांच्या नातवाला 'उस्तेद' म्हणते, अगदी रागावतानासुद्धा.

सकाळचे सात वाजलेत. जुलै चालू आहे, ग्वातेमालात पावसाचे दिवस. अंतिग्वावर आत्ता ऊन लख्ख पडलंय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दक्षिणेचा आग्वा ज्वालामुखी पायथ्यापासून टोकापर्यंत दिसतो. दहा वाजता त्याच्या खांद्यावर ढग येतील, दुपारी पाऊस. मी चहा टाकते आणि फडताळातली वेलची काढते.

ही वेलची इथलीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने भारतातून रोपं आणून आल्ता वेरापासच्या डोंगरात लावली. आज वेलची पिकवण्यात ग्वातेमाला जगात आघाडीवर आहे. बराचसा माल अरब देशांत जातो, तिथे ती कॉफीत पडते. पिकवणाऱ्यांच्या घरात मात्र तिची चव फारशी कुणाला ठाऊक नसते. बाजारात मसालेवालीकडे ती दिसली, तेव्हा मी पुडी नाकाशी धरून बराच वेळ तशीच उभी राहिले होते. आबुएलिता सत्तरीची आहे, आणि तिने वेलची पहिल्यांदा खाल्ली ती माझ्या चहातून. आता ती दूधभातासाठी मला विचारते, किती टाकू? मी म्हणते, दोन. ती तीन टाकते.

नाश्ता झाला की अंगणातल्या पिलावर भांडी. पिला म्हणजे सिमेंटचा तीन कप्प्यांचा हौद. मधल्या खोल कप्प्यात पाणी साठवलेलं, दोन्ही बाजूंना उतरते, खरबरीत ओटे. एकावर कपडे, एकावर भांडी. मधल्या पाण्यात खरकटा हात घालायचा नाही, प्लास्टिकच्या वाडग्याने पाणी उपसून घ्यायचं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. मराठवाड्यात वाढलेल्या बाईला ही शिस्त कुणी शिकवावी लागत नाही. परक्या देशात आपला निभाव लागेल असं मला पहिल्यांदा वाटलं, ते वर्गात नाही, या हौदापाशी.

आठला शाळा. मी नर्स आहे. पुढच्या वर्षी इथल्या डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात काम करायचं आहे, आणि दुखणं कधी सुरू झालं हे माणसाला त्याच्या भाषेत विचारता आलं पाहिजे. अंतिग्वातल्या बहुतेक स्पॅनिश शाळांची रीत अशी की एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, सकाळचे चार तास, समोरासमोर. राहायचं एखाद्या कुटुंबात, जेवायचं त्यांच्याच टेबलावर. आमची शाळा म्हणजे जुना वाडा आहे. मधोमध बाग, भोवती कौलारू ओसरी, आणि ओसरीत अंतराअंतरावर छोटी टेबलं. प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या. कुणी धडा वाचतंय, कुणी नुसतंच बोलतंय. पलीकडच्या टेबलावरचा कॅनडाचा म्हातारा गेला अर्धा तास आपल्या कुत्र्याविषयी सांगतोय आणि त्याच्या बाई मन लावून ऐकताहेत.

माझ्या बाईंना मी इथल्या रीतीप्रमाणे 'सेन्यो' म्हणते. त्या सान आंतोनियो आग्वास कालिएंतेसहून येतात. हे विणकरांचं गाव अंतिग्वापासून फार लांब नाही. अमेरिकेतल्या शाळांच्या जुन्या बस इथे रंगवून, आरसे-झालरी लावून रस्त्यावर येतात. त्यांना कामियोनेता म्हणतात. त्यातल्याच एकीने त्या रोज येतात. अंगात ग्विपील, म्हणजे पोलकं, असतं, कमरेला बांधायच्या मागावर विणलेलं. आज मी त्यांची बाही उलटवून बघते. नक्षी आतूनही तशीच आहे, गाठ नाही, सुटा धागा नाही. त्या गावाची ही खासियत. एका ग्विपीलला कित्येक महिने लागतात.

सेन्योंची मातृभाषा काक्चिकेल. स्पॅनिश त्या शाळेत गेल्यावर शिकल्या, आणि शाळेत काक्चिकेल बोललं की हातावर पट्टी बसायची. मला स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईला ही भाषा जन्माने मिळालेली नाही. हे मी माझं भाग्य समजते. शब्द जिभेपर्यंत येऊन अडतो तेव्हा आत काय होतं, ते त्यांना ठाऊक आहे. त्या माझं वाक्य कधीच पुरं करून देत नाहीत. हात मांडीवर ठेवून थांबतात. त्या थांबण्यात घाई नसते, कीवही नसते. शिकवण्यातलं हे सगळ्यात अवघड काम आहे असं माझं मत होत चाललंय.

आज भूतकाळ आहे. स्पॅनिशला साधे भूतकाळ दोन, एक चालू असलेल्या गोष्टींचा, दुसरा घडून गेलेल्या गोष्टींचा. पुस्तकातला तक्ता सेन्यो बाजूला सारतात. माझ्या वहीत एक लांब आडवी रेघ ओढतात. रेघेवर लिहितात, 'दोर्मीआमोस'. आम्ही झोपलेलो होतो. मग एक उभी रेघ त्या आडव्या रेघेला कापत खाली येते. तिच्यापाशी लिहितात, 'तेंब्लो'. हललं.

"चार फेब्रुवारी १९७६," त्या म्हणतात. "मी सहा वर्षांची होते."

पहाटे तीनच्या सुमाराला मोताग्वाचा भूभंग सरकला आणि ग्वातेमालात सुमारे २३ हजार माणसं गेली. बहुतेक झोपेतच, मातीच्या कच्च्या विटांच्या भिंतींखाली. सेन्यो सांगत जातात आणि पेन चालत राहतं. अंधार होता, धूळ होती, आई हाका मारत होती, हे सगळं आडव्या रेघेवर. भिंत पडली, मामा गेला, ही उभी रेघ. पुन्हा आडवी: कित्येक रात्री आम्ही मक्याच्या शेतात झोपत होतो, थंडी वाजत होती. आवाज चढत नाही, थरथरत नाही. मधेच थांबून एका क्रियापदाचा शेवट मला पुन्हा वाचायला लावतात.

मग पेन माझ्याकडे सरकवतात. "आओरा उस्तेद." आता तुम्ही.

मी आडवी रेघ ओढते. मीही लहान होते, आठ वर्षांची. अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली होती, दमली होती, झोपलेली होती. आजी बाहेर अंगणात बाजेवर झोपली होती. 'मी आबुएला दोर्मीआ आफुएरा.' काका, काकू आणि धाकटी बहीण आत होती. मी हे स्पॅनिशमध्ये सांगते आहे आणि वाक्यं येताहेत, एकामागून एक, छोटी छोटी.

मग उभी रेघ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं.

'माळवद' कसं सांगायचं? मी चित्र काढते. दगड आणि मातीच्या हातभर रुंद भिंती, वर सागाच्या तुळया, त्यावर फूट-दोन फूट मातीचा थर, उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून. दरवर्षी त्यावर नवी माती पडायची. सेन्यो चित्राकडे बघतात आणि मातीच्या थरावर बोट ठेवतात. त्यांना विचारावं लागत नाही. "आणि मग?" त्या म्हणतात. मग काकू आणि बहीण सापडल्या. किल्लारी आणि आसपासच्या गावांत मिळून ७ हजारांवर माणसं गेली. आजी वाचली. गाव जुन्या जागेवरून उठवून दुसरीकडे वसवलं, आजी अखेरपर्यंत जुन्या जागी जात राहिली. 'जात राहिली' लिहिताना मी थांबते, कारण ते कुठल्या रेघेवर जातं ते ठरत नाही. सेन्यो थांबून राहतात. मी आडव्या रेघेवर लिहिते. त्या मान हलवतात.

हे मी मराठीतही इतकं सलग कधी कुणाला सांगितलेलं नाही.

दहाला घंटा होते. रेफाक्सियोन, म्हणजे मधल्या सुट्टीचं खाणं. कॉफी आणि गोड पाव. आम्ही दोघी पाव घेऊन रस्त्यावर येतो. समोरच्या चर्चचं छप्पर १७७३ च्या जुलैतल्या भूकंपात पडलं, ते पडलंच. त्या भूकंपानंतर १७७६ मध्ये राजधानी इथून हलवली, लोकांना गाव सोडायचे हुकूम निघाले, तरी काही माणसं राहिलीच. आज हे गाव जागतिक वारसा म्हणून जपलं जातं. इथल्या बुटक्या घरांकडे आणि जाडजूड खांबांकडे मी आजवर देखणेपण म्हणून बघत होते. सेन्यो एका खांबावर थाप मारून म्हणतात, "हे भीतीने बांधलंय." आणि पावाचा उरलेला तुकडा मला देतात.

दुपारी एकच्या जेवणाला काळे घेवडे, भात, उकडलेली ग्विस्कील आणि तोर्तिया. पाऊस सुरू झालाय. कौलांवरून पाण्याच्या धारा अंगणात पडताहेत. मी सकाळचा धडा सांगते. आबुएलिता चमचा खाली ठेवते आणि तिचं १९७६ सुरू होतं. ती तेव्हा विशीत होती, पोटात पहिलं मूल होतं. तिचं स्पॅनिश भरधाव आहे, काही शब्द निसटतात, पण कुठे आडवी रेघ आहे आणि कुठे उभी, ते मला ऐकू येतंय.

नातू आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघतो. "तुमच्याकडे ज्वालामुखी आहेत?" तो मला विचारतो.

"होते. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी. आमची शेतं त्यांच्याच लाव्ह्यावर आहेत."

"मग आता का हललं?"

मी जमेल तसं सांगते. भारताची जमीन उत्तरेकडे सरकत असते, हिमालयाला भिडते, आणि तो ताण दूर आतल्या खडकापर्यंत पोचतो. तिथे मोठं काही होणार नाही असंच मानलं जात होतं. त्याला 'ताण' या शब्दाशी अडतं, मी दोन्ही हातांनी रुमाल ओढून दाखवते. त्याला पटतं. त्याच्या शाळेत भूकंपाची कवायत असते, आणि या घरात कुठे उभं राहायचं ते मला कुणी दाखवलेलं नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात येतं. तो "मूचास ग्रासियास" म्हणून टेबलावरून उठतो, आम्ही सगळे "बुएन प्रोवेचो" म्हणतो, आणि तो माझा हात धरून भर पावसात अंगणात घेऊन जातो.

"कौलांखाली नाही. भिंतीजवळ नाही. इथे, लिंबाच्या झाडापाशी." मला त्याच्यामागून तेच म्हणावं लागतं, दोनदा. मग तो माझ्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहतो, केसांवरचं पाणी झटकतो आणि हुकूम सोडतो, "आता तुम्ही आत जा आणि झोपा. मी ओरडलो की पळायचं. चप्पल शोधायची नाही."

मी आत जाऊन पलंगावर आडवी होते. बाहेर तो मोठ्याने आकडे म्हणायला लागतो.