डिपेंडंट

२०२५ च्या मार्चमधला रविवार. इथे न्यू जर्सीत थंडी अजून हटायचं नाव घेत नव्हती. मी गॅसवर साबुदाण्याची खिचडी परतत होते आणि नवरा लॅपटॉप उघडून टॅक्सचं रिटर्न भरत बसला होता. अमेरिकेत १५ एप्रिलच्या आत हे काम उरकावं लागतं. म्हणजे मार्च आला की घरोघरी हीच धांदल.

‘‘अगं, आपलं रिटर्न परत आलं,’’ तो एकदम ओरडला. ‘‘हिचा नंबर आधीच कुणीतरी वापरलाय म्हणे!’’

माझ्या पोटात गोळाच आला. नंबर चोरून भलत्याच नावावर पैसे उचलल्याच्या बातम्या आपण वाचतो ना, तेच डोळ्यांसमोर आलं. कॉलेजमधून सुट्टीला घरी आलेली लेक मात्र फोनमधून मान वर न काढता म्हणाली, ‘‘चोर नाही, मीच वापरला. मी माझं रिटर्न फेब्रुवारीतच भरलं. त्यात विचारलं होतं, तुला कुणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं का? मी ‘नाही’ म्हटलं.’’

‘‘नाही? का गं?’’

‘‘मी अख्खा उन्हाळा काम केलं, आई. मी कशी डिपेंडंट?’’

आता यावर काय बोलायचं? खिचडी खाली लागली तेवढी.

त्याचं असं झालं. २०२४ च्या जूनमध्ये बारावी संपली आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी तिनं आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी धरली. ताशी १५ डॉलर १३ सेंट. त्या वर्षी आमच्या राज्यात किमान वेतनच तेवढं होतं. पहिल्या दिवशी मॅनेजरनं हातात एक कागद दिला, ‘डब्ल्यू-फोर’. पगारातून किती टॅक्स कापायचा, हे मालकाला त्यावरून कळतं. आपल्याकडे टीडीएस म्हणतात ना, तसंच समजा. त्यात एक रकाना होता तुमच्यावर अवलंबून असणाऱ्यांचा. लेक घरी येऊन हसत सुटली, ‘‘विचारतायत मला मुलं आहेत का!’’ तो रकाना कोरा ठेवून तिनं सही ठोकली.

तिच्या मैत्रिणीनं त्याच कागदावर ‘एग्झेम्प्ट’ लिहिलं होतं. गेल्या वर्षी काहीच टॅक्स लागला नसेल आणि या वर्षीही लागणार नसेल, अशा दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर असं लिहिता येतं. मग केंद्राचा इन्कम टॅक्स कापलाच जात नाही. पोरींचं उत्पन्न ते केवढं! आमच्या लेकीलाही ते लिहिता आलं असतं, पण सांगणार कोण? आम्ही दोघंही ‘‘सही करून टाक गं’’ म्हणून मोकळे झालो होतो.

पहिल्या पगाराची चिठ्ठी आली. ३५ तासांचे सुमारे ५३० डॉलर व्हायचे, त्यातले २५ इन्कम टॅक्सला गेले, ४० सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला. शिवाय राज्याची कापाकापी वेगळी. लेकीचं तोंड एवढंसं झालं. ‘‘माझे पैसे कुणी घेतले?’’ मैत्रिणीचे ४० मात्र तिच्यासारखेच कापले गेले होते. एग्झेम्प्ट लिहा नाही तर आणखी काही, शेकडा साडेसात रुपयांहून थोडा जास्त असलेला हा हिस्सा कापला जातोच. म्हातारपणीच्या पेन्शनची आणि औषधपाण्याची ती सोय, असं मी समजावलं. अठराव्या वर्षी म्हातारपण कुणाला पटतंय?

दहा आठवड्यांत तिनं सुमारे ५,३०० डॉलर कमावले. त्यातून कापलेला अडीचशे डॉलर इन्कम टॅक्स तिला परत मिळायचा होता. पण तो आपणहून येत नाही. तुमचं उत्पन्न रिटर्न भरायच्या मर्यादेत नसलं तरी पैसे परत हवे असतील तर रिटर्न भरावंच लागतं. तीन वर्षांत नाही मागितले तर गेले. म्हणून फेब्रुवारीत तिनं स्वतःच रिटर्न भरलं. कुणाच्या मदतीशिवाय! ऐकून मला खरं तर कौतुकच वाटलं असतं. घोटाळा त्या एका चौकटीनं केला.

आमच्या ओळखीच्या एक गुजराती बेन टॅक्सचं काम करतात. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि लेकीलाच समोर बसवलं. ‘‘बेटा, तुझी उमर किती? एकोणीसच्या आत ना? आणि पूर्ण वेळ कॉलेजात शिकतेस, म्हणजे चोवीस वर्षांची होईपर्यंत हाच नियम. राहतेस कुठे? हॉस्टेल चालेल, घर हेच धरतात. तुझ्या वर्षभराच्या खर्चातला अर्ध्याहून जास्त खर्च तू स्वतः केलास का?’’

लेक गप्प. फी, हॉस्टेल, मेडिकल इन्शुरन्स, फोन... बोटं मोडत मोडत ती पाच हजारांच्या केव्हाच पुढे गेली.

‘‘मग तू टॅक्सपुरती डिपेंडंट आहेस,’’ बेन म्हणाल्या. ‘‘आईबाबा तुझं नाव लावोत किंवा न लावोत. प्रश्न ‘लावतात का’ असा नाही, ‘लावू शकतात का’ असा आहे.’’

मग त्यांनी हिशेब मांडला. डिपेंडंट असलेल्या मुलाला सूट थोडी कमी मिळते. २०२४ साठी नियम असा होता की कमाई अधिक ४५० डॉलर एवढी सूट, जास्तीत जास्त १४,६०० पर्यंत. लेकीची कमाई ५,३००, सूट ५,७५०. म्हणजे टॅक्स शून्य. आणि ‘मी डिपेंडंट नाही’ म्हटल्यावर सूट १४,६००. टॅक्स पुन्हा शून्यच! त्या चौकटीनं तिला एका सेंटचाही फायदा दिला नव्हता. आमचं मात्र कॉलेजच्या फीपोटी मिळणारं अडीच हजार डॉलरचं क्रेडिट आणि वर डिपेंडंटचं पाचशेचं क्रेडिट अडकलं होतं. तीन हजार डॉलर! पुढच्या सेमिस्टरची फी भरताना आम्ही तेच धरून चाललो होतो.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणीच बोलेना. मग मागून बारीक आवाज आला, ‘‘मला पैसे नको होते, आई. मला फक्त तो शब्द नको होता.’’

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं मी पंचवीस वर्षं मागे गेले. माझं लग्न २००० सालचं. निघण्याआधी बाबांनी रेशन कार्डावरून माझं नाव कमी करून आणलं होतं. सासरच्या कार्डावर चढवायला वेळच मिळाला नाही आणि मी विमानात बसले. इथे आले ती एच-फोर व्हिसावर. नोकरदाराच्या बायकोचा व्हिसा, म्हणजे डिपेंडंट. एम.कॉम. झालेली मी, पण कमवायची परवानगी नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, टॅक्सपुरता नऊनं सुरू होणारा एक वेगळाच नंबर. लायब्ररीच्या फॉर्मपासून बँकेपर्यंत जाईन तिथे ‘कुणाची तू?’ हाच प्रश्न. माझ्यासारख्या काही जणींना कामाचा परवाना २०१५ पासून मिळायला लागला. माझं ग्रीन कार्ड त्याआधीच, २०१० साली, झालं आणि पुढच्या वर्षी मी शाळेच्या जेवणघरात पहिली नोकरी धरली. ‘डब्ल्यू-फोर’वर नवऱ्याचं बघून तसंच लिहिलं. दोघांच्याही मालकांनी घरात एकटाच कमावता आहे असं धरून टॅक्स कमी कापला आणि पुढच्या एप्रिलमध्ये अकराशे डॉलर खिशातून भरावे लागले. आता त्या कागदावर ‘घरात दुसरी नोकरी आहे का’ अशी खूण करायची सोय आहे. आपण ती करायची एवढंच!

हे सगळं मी त्या रात्री लेकीला सांगितलं. आणि एक गोष्ट जी मलाही बेनकडेच त्या दिवशी कळली होती. इथल्या टॅक्सच्या कायद्यात बायको कधीच डिपेंडंट नसते. जोडीनं भरलेल्या रिटर्नवर दोघांची सही लागते आणि जबाबदारीही दोघांची. म्हणजे व्हिसावर मी ‘डिपेंडंट’ होते तेव्हाही रिटर्नवर मी बरोबरीची होते. आणि मी काय करत होते? नवरा बोट ठेवील तिथे सही! एकही वर्ष वाचून पाहिलं नाही. शब्दाचा राग धरला, पण कागद नाही वाचला.

‘‘म्हणजे शब्द एकच, पण प्रत्येक ऑफिसात अर्थ वेगळा?’’ लेकीनं विचारलं.

‘‘हो. इथे तो फक्त विचारतो, तुझ्या जेवणाखाण्याचा आणि शिक्षणाचा जास्त खर्च या वर्षी कुणी केला. तू किती मोठी झालीस, हे नाही विचारत.’’

दुसऱ्या दिवशी तिनं दुरुस्तीचा फॉर्म भरला, ‘१०४०-एक्स’. आम्ही आमचं रिटर्न कागदावर छापून, दोघांनी सह्या करून, पोस्टानं पाठवलं. या वेळी मी प्रत्येक पान वाचून सही केली. नवरा घड्याळाकडे बघत होता, बघू दिलं. पैसे यायला ऑगस्ट उजाडला, पण आले.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची भाची अमेरिकेत एम.एस. करायला गेली असेल. त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, म्हणून दोन शब्द. एफ-वन व्हिसावरच्या मुलांना साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या दृष्टीनं ‘अनिवासी’ धरतात. लायब्ररीत किंवा कँटीनमध्ये काम करताना त्यांच्या पगारातून तो सोशल सिक्युरिटीचा हिस्सा कापायचा नसतो. चुकून कापला असेल तर परत मागता येतो. त्यांचं रिटर्नही वेगळं, ‘१०४०-एनआर’. मित्रांचं बघून साधं ‘१०४०’ भरलं की पुढे त्रास होतो. आणि भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना ती ठरावीक सूट मिळते, बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. फोनवर ‘जेवलास का’ विचाराल तेव्हा हेही विचारा. सूटीचे आकडे दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षीचे पाहून घ्यायला सांगा.

गेल्या उन्हाळ्यात लेक पुन्हा त्याच दुकानात लागली. या खेपेला ‘डब्ल्यू-फोर’ घेऊन घरी आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. एकेक ओळ आम्ही दोघींनी वाचली. ‘एग्झेम्प्ट’ लिहायचं की नाही, यावर चक्क वाद झाला! शेवटी तिनंच हिशेब करून ठरवलं आणि लिहिलं. रिटर्नमधल्या त्या चौकटीवरही तिनं स्वतःच खूण केली. मी बघितलं, तर मिश्कील हसत म्हणाली, ‘‘यंदापुरती हं, आई!’’