एक्स्प्लेनर : बाळ सांभाळण्याचा खर्च परवडत नाही? सरकार आणि कंपनीकडून काय मिळू शकतं, समजून घ्या

समजा, एका छोट्या क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या आईचा पगार १५ हजार रुपये आहे. पाळणाघराची फी ५ हजार, रिक्षा-बसचे दीड हजार. हातात उरले साडेआठ हजार. महिन्यात चार दिवस बाळ आजारी पडलं आणि बिनपगारी रजा झाली, तर आणखी २ हजार गेले. मग घरात कुणीतरी म्हणतंच, ‘एवढ्यासाठी कशाला धावपळ? सोड नोकरी!’

हा निर्णय घेण्याआधी कुठून मदत मिळू शकते, ते पाहून घ्या.

थेट पैसे मिळतात का?

बहुतेकांना नाही. आपल्याकडे ही मदत रोख रकमेपेक्षा ‘जागे’च्या रूपात, म्हणजे पाळणाघराच्या सोयीतून मिळते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५ हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६ हजार रुपये मिळतात. पण ही रक्कम बाळंतपणाच्या काळासाठी आहे, दरमहाच्या फीसाठी नाही.

बालसंगोपनासाठी दरमहा रोख भत्ता मिळतो तो केंद्र सरकारच्या दिव्यांग महिला कर्मचाऱ्यांना. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत हा विशेष भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो ३ हजारांवरून ३,७५० रुपये झाला.

‘पाळणा’ योजना काय आहे?

जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेची पुनर्रचना करून २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पाळणा’ योजना आली. यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडलं जातं.

• वय : ६ महिने ते ६ वर्षे
• वेळ : महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास
• सोयी : झोपण्याची जागा, पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, आरोग्य तपासणी, लसीकरण
• कुणासाठी : आई नोकरी करत असो वा नसो, मुलाला प्रवेश मिळू शकतो

नेहमीची अंगणवाडी काही तासच चालते. त्यामुळे धुणीभांडी, भाजीविक्री किंवा बांधकामावर जाणाऱ्या आईसाठी हे साडेसात तास मोलाचे आहेत.

मात्र केंद्रांची संख्या कमी आहे. २०२५-२६ पर्यंत देशभरात १७ हजार केंद्रांचं उद्दिष्ट होतं आणि देशात अंगणवाड्या आहेत सुमारे १४ लाख. म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झालं तरी साधारण ८२ अंगणवाड्यांमागे एकच पाळणाघर! तुमच्या भागात केंद्र आहे का, हे अंगणवाडी सेविका, मुख्यसेविका किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. वेळ आणि शुल्काचीही तिथेच चौकशी करा.

कंपनीची जबाबदारी काय?

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. या ५० मध्ये पुरुषही धरले जातात. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, त्यात विश्रांतीची वेळही आली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. अनेक आस्थापनांना मिळून एकच पाळणाघर वापरण्याची मुभाही त्यात आहे.

हा बदल महत्त्वाचा का? जुन्या कारखाना कायद्यात ३० हून अधिक महिला कामगार असतील तरच पाळणाघराची सक्ती होती. साहजिकच महिलांची संख्या त्या आकड्याखाली ठेवण्याचा मोह मालकाला होऊ शकत होता. सगळेच कर्मचारी मोजले की तो प्रश्न येत नाही.

करात सवलत मिळते का?

जुनी करप्रणाली निवडली असेल, तर प्ले-स्कूल आणि नर्सरीची ट्युशन फी दीड लाखांच्या वजावटीत धरता येते, तीही दोन मुलांपर्यंत. नुसत्या बेबीसिटिंगची फी त्यात बसत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

तुम्ही काय करावं?

• एचआरला तोंडी नव्हे, ईमेलवर विचारा : एकूण कर्मचारी किती, पाळणाघर कुठे आहे, खर्च कोण करतं?
• नियुक्तीपत्रासोबत मातृत्व लाभांची लेखी माहिती मिळाली होती का, ते तपासा. ती देणं २०१७ च्या दुरुस्तीने बंधनकारक केलं होतं.
• उत्तर मिळालं नाही, तर ईमेलची प्रत घेऊन कामगार कार्यालयात तक्रार करा.

पण सुरुवातीच्या उदाहरणातल्या आईचं काय? तिच्या क्लिनिकमध्ये जेमतेम आठ-दहा जण असतील, म्हणजे कंपनीचा नियम तिला लागू होत नाही. दुकानं, छोटे कारखाने आणि घरकाम करणाऱ्या असंख्य महिलांची हीच स्थिती आहे. त्यांच्यासाठी सरकारी ‘पाळणा’ हाच आधार आहे, आणि तो घराजवळ असेल तरच नोकरी टिकेल.