फॉर्ममधला तिसरा पर्याय

कॉलेजच्या प्रकल्पासाठी किंवा मंडळाच्या कामासाठी गूगल फॉर्म आपण पाच मिनिटांत बनवतो. ‘लिंग’ या प्रश्नाखाली ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ एवढेच पर्याय, शिवाय उत्तर सक्तीचे! यांत न बसणाऱ्याने खोटे उत्तर द्यायचे, नाहीतर फॉर्म सोडून द्यायचा.

2011च्या जनगणनेत ‘इतर’ हा पर्याय होता. 4,87,803 जणांची तशी नोंद झाली. पण तिथे बहुधा घरातले एकच माणूस सगळ्यांची माहिती देते. ज्याने घरी काही सांगितलेलेच नाही, त्याची नोंद कशी होणार? ऑनलाइन फॉर्म मात्र ज्याचा तो भरतो.

म्हणून ‘ट्रान्सजेंडर’, ‘माझ्या शब्दांत’ आणि ‘सांगायचे नाही’ हेही पर्याय द्या. कोणाबद्दल आकर्षण वाटते, हा प्रश्न वेगळा. गरज असेल तरच विचारा.

आणखी एक. आपल्या गावातला मराठी समाज लहान. नाव नसले तरी वय, गल्ली आणि शिक्षण यांवरून माणूस चटकन ओळखू येतो. त्यामुळे ईमेल घेऊ नका, नेमक्या वयाऐवजी वयोगट विचारा आणि आलेली उत्तरे ग्रुपवर टाकू नका. विश्वास असेल, तरच खरे उत्तर मिळेल.