शेतकामासाठी गमबुटांची निवड

नांगराचा फाळ, विळ्याची धार आणि खुरप्याची मूठ शेतकरी हातात घेऊन पारखतो व मगच विकत घेतो. पायांच्या संरक्षणाकडे मात्र तितके लक्ष दिले जात नाही. लावणी, खुरपणी, फवारणी, बांधबंदिस्ती व गोठ्याची सफाई ही पावसाळ्यातील सारी कामे पायांच्या बळावर चालतात आणि ते पाय बहुधा अनवाणी किंवा साध्या चपलेत असतात. पायाला जखम झाली तर ऐन हंगामात माणूस अंथरुणाला खिळतो. सर्पदंश झाला किंवा दूषित पाण्यातून रोगजंतू शरीरात शिरले तर जिवावर बेतते. म्हणून गमबूट ही चैनीची वस्तू नसून ते शेतीचे एक अवजार आहे, असे समजावे. अवजार कामाला साजेसे नसेल तर ते माळ्यावर पडून राहते. गमबुटाचेही तसेच होते. यास्तव बूट घेताना किंमत विचारण्याआधी आपले पाय रोज कशात असतात, याचा विचार करावा. चिखल, औषध, शेणमूत्र, डिझेल किंवा गवतातील साप यांपैकी ज्याच्याशी गाठ असेल, त्याप्रमाणे बुटाची निवड बदलते.

पायांना असणारे धोके

पहिला धोका साचलेल्या पाण्याचा. उंदीर, घुशी, गुरे, डुकरे व कुत्री यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि पायावरील भेगा, ओरखडे किंवा चिखल्या यांतून ते शरीरात प्रवेश करतात. कोकणातील भातखाचरांत अनवाणी काम करणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची जी साथ आली, तिचे कारणही असेच दूषित पाणी होते.

दुसरा धोका सर्पदंशाचा. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाकाठी सरासरी सुमारे ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देण्यात आला. यांपैकी निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील होते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. शेतात चालताना पाय सापाच्या अंगावर किंवा त्याच्या अगदी जवळ पडतो, म्हणून दंश बहुतेक वेळा पायालाच होतो.

तिसरा धोका कीटकनाशकांचा. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवाऱ्यातील औषध नाकातोंडावाटे जसे शरीरात जाते, तसेच ते कातडीतूनही जाते. उंच वाढलेल्या कपाशीतून चालताना ओल्या पानांचे औषध मांड्यांना व पोटऱ्यांना लागते आणि ओघळून पावलांवर उतरते.

यांखेरीज काटे, काचा, उसाची खोडकी आणि कुदळीचे घाव हे रोजचे धोके आहेतच.

गमबुटाच्या साहित्याची ओळख

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत ताठरते. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधून काढली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यानंतर पाणी आत न शिरणारे रबरी बूट तयार करणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये अशा उंच बुटांना ‘वेलिंग्टन’ म्हणतात. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मराठ्यांशी लढलेला सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व त्याच्या वापरातील कातडी बुटांवरून हे नाव पडले. पुढे कातड्याची जागा रबराने घेतली, परंतु नाव कायम राहिले.

बाजारात आज मुख्यतः तीन प्रकारचे बूट मिळतात.

नैसर्गिक रबराचा बूट मऊ व लवचिक असतो, पायाबरोबर वाकतो आणि दिवसभर चालण्यास सोईचा पडतो. मात्र डिझेल, रॉकेल, वंगण व तेल यांनी तो फुगतो व सैल होतो आणि सतत उन्हात राहिल्यास त्याला बारीक तडे जातात.

पी. व्ही. सी. म्हणजे प्लॅस्टिकचा बूट साच्यात अखंड ओतलेला असतो, त्यामुळे त्याला सांधे नसतात. तो स्वस्त असतो आणि धुण्यास सोपा जातो. परंतु तो ताठर असून थंडीत अधिक कडक होतो, आणि हलक्या प्रतीचा असल्यास पावलाच्या वाकणीवर लवकर चिरतो.

नायट्राइल रबर मिसळलेला बूट तेल व इंधन यांना चांगला टिकतो. त्याची किंमत जास्त असते, परंतु ज्यांना ट्रॅक्टर, पॉवर टिलर किंवा फवारणीचे काम वारंवार करावे लागते, त्यांना तो परवडतो.

कामाप्रमाणे निवड

*फवारणी.* पी. व्ही. सी. किंवा नायट्राइलचा, आतून कापडी अस्तर नसलेला बूट घ्यावा. अस्तरात मुरलेले औषध धुऊन निघत नाही व ते दररोज पायाला लागत राहते. कातडी बूट याच कारणाने फवारणीस अयोग्य होत. पुष्कळ ठिकाणी पायजमा बुटात खोचण्याची चाल आहे. फवारणीच्या वेळी तसे करू नये. पायजम्याचे पायघोळ बुटाच्या बाहेरून सोडावेत, म्हणजे ओघळणारे औषध बुटात न उतरता बाहेर पडेल. फवारणीचा जोड वेगळा ठेवावा व तो घालून गोठ्यात किंवा घरात वावरू नये.

*गवत, ऊस व रात्रीची पाण्याची पाळी.* गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, जाड व पोटरीभोवती किंचित सैल असलेला बूट निवडावा. रबर व पोटरी यांमध्ये थोडी पोकळी असली म्हणजे दातांना कातडीपर्यंत पोचणे अवघड जाते. घोट्याइतका आखूड बूट या कामी पुरेसा नाही.

*गोठा.* ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून तळव्यावर बारीक व दाट खाचा असलेला बूट घ्यावा. शेण व मूत्र यांचा परिणाम रोज होत असल्याने काम संपताच तो धुणे आवश्यक आहे.

*चिखलातील चालणे व बांधबंदिस्ती.* येथे तळव्याच्या खाचा खोल व एकमेकींपासून दूर असाव्यात, म्हणजे चिखल त्यांत अडकून न राहता चालताना गळून पडतो. कुदळ, फावडे किंवा ओंडके यांचे काम असल्यास पुढील टोकाला पोलादी टोपी असलेला बूट घ्यावा. एरवी तिचे वजन व्यर्थ वाहावे लागते.

*भातलावणी.* हे काम सर्वांत कठीण आहे. चिखलणी केलेल्या खाचरात नेहमीचा गमबूट रुतून बसतो, पाय उचलताना निसटतो आणि बाईला किंवा गड्याला रोपे हातात घेऊन तोल सांभाळावा लागतो. त्यामुळे ‘लावणीला बूट चालत नाहीत’ असा समज रूढ झाला आहे व तो निराधार नाही. जपानमधील भातशेतकऱ्यांनी यावर वेगळा उपाय शोधला. तेथे लावणीसाठी पातळ, मऊ, पायाला मोज्यासारखे घट्ट बसणारे व पोटरीवर आवळता येणारे लांब रबरी बूट वापरले जातात. पायाला चिकटून असल्यामुळे ते चिखलात सहसा अडकून राहत नाहीत. आपल्याकडेही लावणीसाठी जाड बुटाऐवजी असा मऊ व घट्ट बूट पाहावा. तो न मिळाल्यास पायावरील जखमांवर जलरोधक पट्टी लावावी, काम संपताच पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याप्रमाणे प्रतिबंधक औषध घ्यावे.

माप व खरेदीच्या वेळची परीक्षा

बूट घेण्यास सायंकाळी जावे. दिवसभराच्या कामाने पाय थोडे सुजलेले असतात व त्या वेळचे मापच खरे असते. जाड सुती किंवा लोकरी मोजे घालून बूट चढवावा. पाऊल पुढे सरकवले असता टाचेमागे एक बोट जाईल इतकी जागा असावी. दहा-वीस पावले चालून व उकिडवे बसून पाहावे. टाच आत वरखाली सरकत असेल तर फोड येतील. वरची कड पोटरीत रुतत असेल तर तो जोड सोडून द्यावा.

नंतर बूट हातात घेऊन पावलाच्या वाकणीवर दोन-तीन वेळा दुमडावा. तेथे पांढुरकी रेघ उमटली किंवा बारीक भेगा दिसल्या तर माल जुना अथवा हलका समजावा. तळवा व वरचा भाग यांच्या सांध्यावर बोट फिरवून कोठे फट किंवा फुगवटा आहे काय, हे पाहावे. भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. आय. चिन्ह असलेला माल घेणे हितावह आहे. रबरी बुटांसाठी आय. एस. ५५५७ व पी. व्ही. सी. बुटांसाठी आय. एस. १२२५४ ही मानके आहेत. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी बुटात पाणी भरून तो कोरड्या कागदावर दोन तास उभा ठेवावा. कागद ओला झाल्यास बूट त्वरित परत करावा.

निगा व दुरुस्ती

काम संपताच बूट स्वच्छ पाण्याने आतबाहेर धुवावा. फवारणीचा बूट साबणाच्या पाण्याने धुवावा व ते पाणी विहीर, ओढा किंवा गुरांच्या हौदाजवळ सांडू नये. धुतलेला बूट उन्हात किंवा चुलीजवळ न वाळवता सावलीत दोन खुंट्यांवर उलटा टांगावा. आत ओल राहिल्यास जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. चकाकी यावी म्हणून काही जण रबरी बुटाला तेल किंवा डिझेल चोळतात. त्याने बूट चकाकतो खरा, परंतु रबर लवकर कुजते.

नैसर्गिक रबराच्या बुटाला पडलेले लहान छिद्र सायकलच्या ट्यूबप्रमाणे, जागा खरवडून व सोल्यूशन लावून ठिगळाने बुजवता येते. पी. व्ही. सी. ला हे ठिगळ धरत नाही, त्यास पी. व्ही. सी. साठी असलेलाच डिंक लागतो. फवारणीच्या बुटाला छिद्र पडल्यास तो त्या कामातून काढून टाकावा.

बुटात हवा खेळत नसल्यामुळे पायाला घाम येऊन चिखल्या होतात. म्हणून दुपारच्या विश्रांतीत बूट काढून पाय पुसावेत व मोजे बदलावेत. मधुमेही माणसाला पायातील खडा टोचल्याचे कळत नाही. त्याने बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवणे व सायंकाळी तळपाय तपासणे आवश्यक आहे. बूट झटकल्याशिवाय मात्र कोणीही आत हात किंवा पाय घालू नये. अंधाऱ्या, कोरड्या बुटात विंचू आश्रय घेतो.

गमबुटाच्या मर्यादा

गमबूट धोका कमी करतो, नाहीसा करीत नाही. बुटाच्या कडेवरून पाणी आत गेले तर तेच दूषित पाणी दिवसभर पायाशी राहते. अशा वेळी बूट काढून पाय धुवावेत. बूट असला तरी रात्री बॅटरी व काठी बरोबर असावीच. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट बांधू नये. पाय न हलवता रोग्याला तातडीने प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पावसाळ्यात ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली अशी लक्षणे दिसल्यास ती अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व आपण खाचरात काम करतो हे डॉक्टरांना सांगावे.

आणखी एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. रबरी बूट पायात असला म्हणजे विजेचा धक्का बसत नाही, अशा भरवशावर ओल्या हाताने मोटारपंप सुरू करणारे पुष्कळ आहेत. काळ्या रबरात काजळी मिसळलेली असते व ती वीज वाहून नेऊ शकते; शिवाय ओला, फाटका किंवा झिजलेला बूट कोणतेच संरक्षण देत नाही. विजेच्या कामासाठी चाचणी केलेले बूट वेगळे असतात. शेतातील गमबुटावर त्याबाबत विसंबू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

लावणी व खुरपणी यांचा मोठा भार स्त्रियांवर असतो. दुकानात मात्र बहुधा पुरुषांच्या मापाचेच बूट असतात. मोठा बूट पायात खेळतो, चिखलात निसटतो आणि दुसऱ्या दिवशी घरीच राहतो. यासाठी कार्यकर्त्यांनी मृग नक्षत्रापूर्वी गावात बैठक घेऊन प्रत्येक स्त्री-पुरुषाचे पाऊल कागदावर रेखून घ्यावे, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मांडावी आणि लहान मापांची मागणी बचत गट किंवा सहकारी संस्थेमार्फत एकत्र नोंदवावी. मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यांनी फवाऱ्याबरोबर बुटांचा जोडही आपल्याकडून देण्याची प्रथा पाडावी. फवारणी करणाऱ्यास संरक्षक साधने पुरवण्याची तरतूद १९७१ च्या कीटकनाशक नियमांत आहे. तिची माहिती बैठकीत सर्वांना द्यावी.

चांगला बूट तोच, जो कामाला योग्य असतो, मापात बसतो आणि म्हणून रोज वापरला जातो. बी-बियाणे व खते यांच्या यादीत या एका जोडाची भर घातली आणि तो पहिल्या पावसापूर्वी पारखून घेतला, तर हंगामातील कितीतरी आजार व अपघात टळतील आणि ज्यांच्या पायांवर शेती उभी आहे, ते पाय सुरक्षित राहतील.