नगाऱ्याचे कातडे आणि कागदाचा शंकू

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा हे गाव आहे. ११ मार्च १७९५ रोजी तेथे मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली आणि पराभूत निजामाने खर्ड्याच्या भुईकोट किल्ल्याचा आश्रय घेतला. त्या काळी लष्करात हत्तीघोड्यांवर नगारे लादलेले असत. नगाऱ्याच्या ताणलेल्या कातड्यावर टिपरू पडले, की त्याचा गंभीर नाद दूरवर जाई. आज गावोगावच्या मिरवणुकांत तो गंभीर नाद पुष्कळदा कागदाच्या एका शंकूतून निघतो. हा शंकू ज्या ध्वनिक्षेपकात असतो, त्याला सबवूफर म्हणतात.

एवढ्याशा कागदातून छाती हादरविणारा आवाज कसा निघतो? शंकूच्या निमुळत्या टोकाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे चिकटविलेले असते व ते लोहचुंबकाच्या अरुंद फटीत अधांतरी राहते. वेटोळ्यातून वीज उलटसुलट वाहू लागली, की ते मागेपुढे सरकते. त्याबरोबर शंकू सरकतो आणि समोरची हवा ढकलतो. या रचनेचा पाया अमेरिकेतील राइस व केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आहे.

मग कागद सपाट का ठेवीत नाहीत? वहीचे एक पान कडेला धरून पाहा, ते लवते. त्याच पानाचा फुटाणेवाल्यासारखा शंकू करा. तो ताठ उभा राहतो. कागद तोच, पण आकाराने त्याला बळ आले. सबवूफरला हेच बळ हवे असते. शंकूचा मधला भाग पुढे गेला आणि कडा मागे राहिली, तर आवाज बिघडतो. सगळा शंकू एकजुटीने हलला पाहिजे. शिवाय स्वर जितका खालचा, तितकी हवा अधिक ढकलावी लागते. सेकंदाला १०० कंपांऐवजी ५० कंपांचा स्वर तितक्याच जोराने काढायचा असेल, तर शंकूला चौपट अंतर सरकावे लागते. म्हणूनच मिरवणुकीतील सबवूफरचे शंकू अठरा इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर रुंद असतात, आणि त्यांच्या कडेला लवचीक वळी बसविलेली असते.

शंकूच्या मध्यभागी एक गोल टोपी दिसते. ती पाहून तबल्याच्या शाईची आठवण होते. परंतु हे साम्य फसवे आहे. शाईच्या वजनामुळे कातड्याचे निरनिराळे कंप एकमेकांशी सुरेल जुळतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह याविषयी लेख प्रसिद्ध केला होता. शाई काढली, तर तबला तबला राहत नाही. सबवूफरच्या टोपीचे तसे नाही. सेकंदाला ५० कंपांच्या स्वराची लाट हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते. तिच्यापुढे दहाबारा सेंटिमीटरची टोपी ती काय! ती फुगीर असो वा आत दबलेली, त्या स्वरात कानाला फरक कळत नाही. लाट दहा सेंटिमीटरची होण्यास सेकंदाला सुमारे ३,४०० कंप लागतात, आणि इतके उंच स्वर सबवूफरकडे पाठवीतच नाहीत. जे ध्वनिक्षेपक गाण्यातील सर्वच स्वर काढतात, त्यांत मात्र टोपीचा आकार महत्त्वाचा ठरतो. तेव्हा चकचकीत टोपी पाहून सबवूफरला अधिक दाम मोजणारा मनुष्य शोभेचेच दाम मोजतो.

तरी ही टोपी निरुपयोगी नव्हे. तिच्यामुळे शंकूचे मधले तोंड घट्ट राहते. टोपी फार जड केली, तर मात्र तितक्याच विजेत शंकू कमी हलतो. तिच्याखाली कोंडलेल्या हवेला वाट हवी. म्हणून काही ध्वनिक्षेपकांत टोपीला जाळी, तर काहींत चुंबकाच्या मध्यभागी आरपार भोक ठेवतात. या वाटेने तापलेले वेटोळेही थोडे निवते. परंतु टोपीचे मुख्य काम रखवालीचे. बोटाने दाबून तिला पोचा पाडला, तर सबवूफरचा आवाज सहसा बिघडत नाही. ती फाटली, तर मात्र धूळ व लोखंडाचे कण चुंबकाच्या फटीत शिरतात, वेटोळे घासू लागते आणि खरखर ऐकू येते.

अशा वेळी कारागीर फट स्वच्छ करतो. शंकूच बदलायचा असेल, तर वेटोळ्याच्या आत पातळ पट्ट्या सरकवून ते फटीच्या बरोबर मध्यावर आणतो, शंकू चिकटवितो व डिंक वाळल्यावर पट्ट्या काढून घेतो. टोपी तो सर्वांत शेवटी लावतो. कारण ती लावल्यावर पट्ट्या बाहेर काढायला वाटच उरत नाही.