महादेवीचा निरोप आणि श्रीमंतीवरचा राग

ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्यात कसबा बावड्यातील मोबाईल रिचार्जच्या दुकानांपुढे गर्दी दिसत होती. ती नव्या योजनेसाठी नव्हती. लोक जिओचा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे वळवून घेण्यासाठी आले होते. त्यांत कॉलेजची मुले होती, उसाचे शेतकरी होते, आणि ज्यांना स्वतःच्या मोबाईलवरून संदेशही पाठवता येत नाही अशा आक्काही होत्या. एका आक्कांनी दुकानदाराला सांगितलेले मी कानांनी ऐकले : ‘‘बाळा, माझं कार्ड बदल. आमच्या हत्तिणीला नेलंय त्यांनी.’’ त्या आक्का जैन नव्हत्या. नांदणीच्या मठाशी त्यांचा संबंध असलाच तर दर्शनापुरता.

घटनाक्रम वाचकांना ठाऊक आहेच, तरी थोडक्यात नोंदवतो. शिरोळ तालुक्यातील नांदणी येथील स्वस्तिश्री जिनसेन भट्टारक पट्टाचार्य महास्वामी संस्थान मठात १९९२ पासून असलेली महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण. ‘पेटा’ या प्राणिहक्क संस्थेने तिच्या प्रकृतीविषयी आणि वापराविषयी तक्रार केली. उच्चाधिकार समितीने तिला गुजरातेतील जामनगरच्या केंद्रात हलवावे असा निर्णय दिला. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयातही मठाला दिलासा मिळाला नाही. २८ जुलैच्या रात्री महादेवी नांदणीतून निघाली. ती ज्या ‘वनतारा’कडे गेली, ते केंद्र देशातील सर्वांत श्रीमंत उद्योगघराण्याचे. जामनगरच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या आवारात सुमारे तीन हजार एकरांवर पसरलेले. आणि इथेच एका हत्तिणीचा प्रश्न श्रीमंतीचा प्रश्न झाला.

तिला एखाद्या सरकारी अभयारण्यात नेले असते, तर नांदणीकरांच्या डोळ्यांत पाणी आलेच असते. पण जिल्ह्यातले सिमकार्ड बदलले नसते. लोकांच्या मनातील वाक्य साधे होते : ज्याच्याकडे सर्व काही आहे, त्याला आमचे एवढेसे कशाला हवे? हे वाक्य कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. हत्तीण आम्ही मागितली नव्हती, न्यायालयाच्या आदेशाने ती आमच्याकडे आली, असे वनताराने जाहीरपणे सांगितले. तरीही लोकांच्या मनातून ते वाक्य गेले नाही. कारण ते केवळ हत्तिणीविषयी नव्हते. खताचा भाव, वीजबिल, मोबाईलचे वाढलेले दर, मॉलपुढे ओस पडलेले किराणा दुकान हे सारे त्यात येऊन बसले होते.

३ ऑगस्टला माजी खासदार राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली नांदणी ते कोल्हापूर अशी सुमारे ४५ किलोमीटरची पदयात्रा निघाली. ती जिल्हाधिकारी कार्यालयावर आली. बावड्याहून शहरात जाताना ते कार्यालय आम्हाला रोजच लागते, पण त्या दिवशी तेथे उभी असलेली माणसे रोजची नव्हती. बावड्याचेच आमदार सतेज पाटील यांनी सुरू केलेल्या मोहिमेत दोन लाखांहून अधिक सह्या जमल्या आणि त्या रमणमळ्याच्या टपाल कार्यालयातून राष्ट्रपतींकडे रवाना झाल्या. ५ ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली. दुसऱ्या दिवशी वनताराचे मुख्य अधिकारी कोल्हापुरात येऊन मठाधिपतींना भेटले आणि नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यांच्या निवेदनात ‘मिच्छामि दुक्कडम्’ असे शब्द होते. (आपल्या दिगंबर घरांत आपण ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. पण क्षमा मागणाऱ्याची बोली तपासायची नसते.)

दहा दिवसांच्या आत एवढे मोठे घराणे दाराशी आले, याचा आपल्याला अभिमान वाटला. तो मलाही वाटला. परंतु अभिमान ओसरल्यावर काही अवघड गोष्टी मनात राहिल्या. त्या समाजबांधवांपुढे मांडाव्यात म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट आमच्याच घरातली. माझ्या पुतण्याने घरातील चारही क्रमांक पोर्ट केले. त्याची पद्धत सोपी आहे. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवला की आठ अक्षरांचा एक संकेतांक येतो. तो चार दिवस चालतो आणि नव्या कंपनीच्या दुकानात दिला की दोन-तीन दिवसांत काम होते. रात्री जेवताना त्याने हे सगळे उत्साहाने सांगितले. मी सहज त्याला डीमॅट खाते उघडायला सांगितले. त्यात रिलायन्सचे समभाग होते. माझ्या वडिलांनी घेतलेले, बोनसने वाढलेले. ताटावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग पुतण्या म्हणाला, ‘‘काका, ते वेगळं.’’

ते वेगळे कसे, हे त्याला सांगता आले नाही आणि मलाही. बाजारपेठेत चौकशी केली तर असे घर आमचे एकटेच नव्हते. रिचार्जच्या पैशाने त्या घराण्याची श्रीमंती वाढते आणि लाभांशाने आपली वाढत नाही, असे तर नाही. आपण व्यापारी माणसे. जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय आपली वही मिटत नाही. मग रागाची वही एकाच बाजूने का लिहावी?

दुसरी गोष्ट हत्तिणीची. उच्च न्यायालयापुढे तिच्या पायांच्या जखमा, नखे आणि सांधे यांविषयीचे अहवाल होते. हत्तीचे हित आणि धार्मिक प्रथा यांत संघर्ष आला तर हत्तीच्या हिताला प्राधान्य, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. मठाने अहवालांतील गोष्टी नाकारल्या आहेत आणि भक्तांचे तिच्यावरचे प्रेम खोटे नव्हते हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही, सूक्ष्म जीवाचीही विराधना होऊ नये म्हणून रात्रीचे जेवण सोडणाऱ्या समाजाने पंचेंद्रिय जीवाच्या पायांविषयीचा प्रश्न ‘श्रीमंतांचे कारस्थान’ म्हणून बाजूला सारणे शोभत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुढे वनताराचीही चौकशी करवली. २५ ऑगस्टला माजी न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली पथक नेमले आणि १५ सप्टेंबरला त्याचा गैरप्रकार न आढळल्याचा अहवाल स्वीकारला. कोणाला हा निष्कर्ष पटेल, कोणाला नाही. पण प्रश्न विचारण्याची ती एक रीत होती.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. महादेवी निघाली त्या रात्री पोलिसांच्या गाड्यांवर दगड पडले. कोणी टाकले याची चर्चा मला करायची नाही. जमाव तापला की दगड कोणत्या दिशेने जाईल हे कोणाच्याच हाती राहत नाही, आणि हे व्यापारी समाजाने तरी विसरू नये. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली. तो वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. रोख मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. लोकांना हवी होती कर्जखते. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुधा ते जाळून लोक निघून गेले. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

त्या शेतकऱ्यांच्या नजरेत ‘कॉर्पोरेट’ कोण होते? गावातला वाणी. आपल्यातल्या कित्येक घरांच्या पणजोबांचा तोच व्यवसाय होता. त्यांतील काहींनी दुष्काळात धान्य वाटले, काहींनी अंगठा उमटवून घेतलेल्या कागदावर नंतर आकडा भरला. जमावाला हा फरक दिसत नाही. म्हणून ‘श्रीमंत म्हणजे लुटारू’ ही भाषा आपल्या तोंडी आली की मला थोडी धास्ती वाटते. उद्या तीच भाषा शाहूपुरीतल्या अडत्याला किंवा गुजरीतल्या सराफाला लागू होईल.

मग अन्याय दिसला तरी गप्प बसावे काय? मुळीच नाही, आणि कोल्हापूर कधी बसलेले नाही. शहरांतर्गत रस्त्यांच्या टोलचे आंदोलन आठवावे. बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर खासगी कंपनीने रस्ते केले आणि आपल्याच गावात शिरायला पैसे मोजायची वेळ आली. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी ज्येष्ठ मंडळी रस्त्यावर उतरली. ‘देणार नाही’ एवढेच ते शांतपणे सांगत राहिले. वकील, रिक्षावाले, व्यापारी, गृहिणी सारे त्यात होते. रस्त्यांच्या दर्जाची तपासणी, कराराची कलमे, खर्चाचा हिशेब यांवर वर्षानुवर्षे भांडण चालले. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटवले गेले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने हा टोल रद्द केल्याची घोषणा केली. नाके पेटले म्हणून टोल गेला, असे मानणारे आजही भेटतात. माझे मत वेगळे आहे. नाके पेटल्यानंतरही टोल जवळपास दोन वर्षे गेला नव्हता. तो गेला चिकाटीने आणि कागदाने. कंपनीची भरपाई मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातूनच झाली, हेही लक्षात ठेवावे.

नागरिकाच्या हाती साधने कमी नाहीत. बहिष्कार हे त्यांतले एक. ते अहिंसक आहे, स्वदेशीच्या काळापासून आपल्या ओळखीचे आहे. फक्त ते वापरताना एवढे पाहावे की कोपऱ्यावरचा रिचार्जवाला त्या कंपनीचा मालक नसतो. त्याचे कमिशन महिन्याच्या किराण्यात जाते. ऑगस्टमध्ये बावड्यातल्या एका दुकानदाराला पोरांनी फलक उतरवायला लावला, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता. दुसरे साधन समभागाचे. एक समभाग असला तरी वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि त्याचा तपशील वार्षिक अहवालात द्यावा लागतो. तो अहवाल संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. आपल्यापैकी किती जणांनी तो उघडला आहे?

आणि एक साधन आपल्या गल्ल्यापाशीच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार दिले आहेत. चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलणे, मापे लहान-मोठी ठेवणे, भेसळीचा व्यवहार करणे हे त्यांत आहे. त्याच अध्यायात परिग्रह-परिमाणाचे अतिचारही आहेत : शेत, घर, सोने, धान्य यांची आपणच ठरवलेली मर्यादा ओलांडणे. किती श्रीमंत असावे याचा आकडा शास्त्राने सांगितलेला नाही. श्रावकाने तो स्वतः घालायचा असतो. शेजाऱ्यासाठी घालायचा नसतो, ही यातली मौज.

आता व्यवहारातले उदाहरण पाहा. इचलकरंजीच्या छोट्या यंत्रमागवाल्याचे किंवा शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याचे बिल आपण किती दिवस थकवतो? सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असा कायदा २००६ पासून आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याच्या ४३ब(ह) कलमाने विलंबित रकमेची वजावट त्या वर्षी मिळेनाशी झाली, तेव्हा आपल्या पेठेत केवढा गहजब उडाला होता! ‘सरकार व्यापाऱ्याच्या मुळावर उठले’ असे मीही म्हणालो होतो. त्या यंत्रमागवाल्याच्या नजरेने पाहिले तर मोठा उद्योगपती मुंबईत नसतो. तो आपल्याच पेढीवर तक्क्याला टेकून ‘पुढच्या सोमवारी ये’ म्हणत असतो.

२०२५ च्या दशलक्षण पर्वाच्या दुसऱ्या दिवशी, २९ ऑगस्टला, त्या कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा दूरदृश्य पद्धतीने झाली. भागधारकाला आगाऊ नाव नोंदवून प्रश्न विचारता येतो, हे मला आधी माहीत होते. नांदणीच्या केंद्राचे पुढे काय आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यातून, एवढेच विचारायचे होते. उत्तम मार्दवाचा दिवस होता, सकाळ मंदिरात गेली, आणि नाव नोंदवायचे मी विसरलो ते आदल्या आठवड्यातच. सभा संपल्यावर पुतण्याने विचारले, ‘‘काका, विचारलात का?’’ मी मान हलवली. त्याने काही न बोलता माझ्या मोबाईलवर पुढच्या वर्षाची आठवण लावून दिली, आणि मग कपाटातून थकलेल्या देण्यांची फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. त्यात इचलकरंजीची तीन बिले होती. सर्वांत जुने ७१ दिवसांचे.